वर्ग बाजूला काढल्यावर उरते ते

६१७४ या संख्येवर नाशिककरांचा विशेष हक्क आहे, असे मी मानते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, आणि त्यांनी दाखवलेली ही संख्या आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. फार तर सात पायऱ्यांत आपण ६१७४ वर येऊन थांबतो. आमच्याकडच्या गणिताची आवड असलेल्या मुलांना ही गंमत शाळेतच कळलेली असते.

म्हणूनच एका रविवारी देवळाली कॅम्पहून वही घेऊन आलेल्या, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याने ६१७४ चे नाव काढले तेव्हा मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्याच्या प्रश्नाचे. तो म्हणाला, "मॅडम, ६१७४ ही दोन वर्गांची बेरीज होत नाही, हे मी सगळे वर्ग तपासून पाहिले. तीन वर्गांची होते. ६३ चा वर्ग, ४२ चा वर्ग आणि २१ चा वर्ग. पण हे तिन्ही आकडे २१ च्याच पाढ्यातले कसे आले?"

मी त्याला ६१७४ चे मूळ अवयव पाडायला सांगितले. २ गुणिले ३ चा वर्ग गुणिले ७ चा घन. म्हणजेच १४ गुणिले २१ चा वर्ग. १४ ही ९ + ४ + १ अशी तीन वर्गांची बेरीज आहे, आणि त्या तीन वर्गांना २१ च्या वर्गाने गुणले की ६३, ४२ आणि २१ हे त्रिकूट आपोआप मिळते. "म्हणजे ६१७४ आणि १४ एकच?" त्याने विचारले. मी त्याला म्हटले, "अरे, वर्गांच्या बेरजेपुरते विचारत असशील, आणि अपूर्णांक चालत असतील, तर हो, एकच." कापरेकरांची ती कीर्तिवंत संख्या दशमान पद्धतीच्या अंकांवर उभी आहे, वर्गरूपांच्या सिद्धांतात अंकांना स्थान नाही, आणि तिथे तिची ओळख १४ एवढीच राहते. मला यात कापरेकरांचे काही कमी झाले असे वाटत नाही. एकाच संख्येकडे दोन निरनिराळ्या प्रश्नांनी पाहिले की तिची दोन निरनिराळी रूपे दिसतात, इतकेच.

त्या रविवारपासून आमचे बोलणे अनेक आठवडे चालले, आणि क्षेत्रांवरील वर्गरूपांचा बैजिक सिद्धांत हा विषय मी त्याला जसजसा सांगत गेले, तसतसा तो मलाही नव्याने दिसत गेला. ते इथे लिहून ठेवते आहे.

क्षेत्र म्हणजे इथे क्षेत्रफळातले क्षेत्र नव्हे. ज्या संख्यासमूहात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्य सोडून कशानेही भागाकार मोकळेपणाने करता येतो, त्याला बीजगणितात क्षेत्र म्हणतात. वर्गात आम्ही सरळ फील्डच म्हणतो. परिमेय संख्यांचे क्षेत्र आहे, वास्तव संख्यांचे आहे, संमिश्र संख्यांचे आहे, आणि ७ ने भागल्यावर उरणाऱ्या ०, १, २, ३, ४, ५, ६ या सात बाक्यांचेही आहे. ज्या बहुपदीतले प्रत्येक पद दुसऱ्या घाताचे असते, उदाहरणार्थ ३क्ष² + ५क्षय − २य², तिला वर्गरूप म्हणतात. दहावीत आपण वर्गसमीकरण सोडवताना पूर्ण वर्ग करण्याची जी रीत शिकतो, तीच रीत इथे वापरून क्षय सारखी मिश्र पदे नाहीशी करता येतात. त्यासाठी २ ने भागावे लागते, म्हणून ज्या क्षेत्रांत १ + १ शून्य होते ती क्षेत्रे या लेखापुरती बाजूला ठेवू. उरलेल्या सर्व क्षेत्रांवर प्रत्येक वर्गरूप निव्वळ वर्गांचे होते, आणि ते त्याच्या सहगुणकांनी ⟨अ, ब, क⟩ असे थोडक्यात लिहिता येते. त्यातला कोणताही सहगुणक एखाद्या शून्येतर संख्येच्या वर्गाने गुणला तरी रूप तेच राहते, कारण तो वर्ग चलात मुरवून टाकता येतो. म्हणूनच ६१७४ च्या जागी १४ लिहिता येते.

मी स्वतः एमएस्सी केले तेव्हा हा विषय आम्हाला सारण्यांच्या हिशेबातून शिकवला गेला. वास्तव संख्यांवरचे रूप घ्यायचे, ते वर्गांत मांडायचे, किती अधिक आणि किती उणे ते मोजायचे. सिल्व्हेस्टर यांचा १८५२ चा नियम सांगतो की कोणत्याही रीतीने मांडले तरी ही मोजदाद बदलत नाही. तिथे धडा संपत असे. वास्तव संख्यांच्या जागी दुसरे क्षेत्र घेतले तर काय होते, हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि मीही विचारला नाही, याचे मला आज मनापासून वाईट वाटते, कारण खरा विषय त्या प्रश्नापाशी सुरू होतो. वास्तव संख्यांत प्रत्येक धन संख्या वर्गच असते, त्यामुळे अधिक आणि उणे यांपलीकडे काही उरत नाही. परिमेय संख्यांत मात्र २, ३, ५, ७ या प्रत्येक मूळ संख्येचा आपापला आग्रह असतो.

तो आग्रह कसा असतो, हे दाखवायला मी ७ ही संख्या घेतली. ७ ही तीन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज नाही, हे लगेच दिसते. पण अपूर्णांक चालतील असे म्हटले तर? छेद सारखे करून घेतले की प्रश्न असा होतो: अ² + ब² + क² = ७ड² असे, सगळ्यांना सामाईक विभाजक नसलेले, चार पूर्णांक आहेत का? कोणत्याही वर्गाला ८ ने भागले तर बाकी ०, १ किंवा ४ उरते. ड विषम असेल तर उजवीकडे बाकी ७ उरते, आणि ०, १, ४ यांतल्या कोणत्याही तिघांची बेरीज ७ ची बाकी देत नाही. ड सम असेल तर डावी बाजू ४ ने विभाज्य होते, आणि त्यासाठी अ, ब, क तिन्ही सम असावे लागतात. मग चौघांना २ हा सामाईक विभाजक मिळतो, जो नाही असे आपण धरले होते. म्हणून अपूर्णांकांची मुभा देऊनही ७ ही तीन वर्गांची बेरीज होत नाही. इथे अडवणारी मूळ संख्या एकटी २ आहे; वास्तव संख्यांची किंवा इतर मूळ संख्यांची काहीच हरकत नाही. हेल्मुट हासे यांनी १९२१ च्या आपल्या प्रबंधात, मिन्कोव्स्की यांच्या आधीच्या कामावर उभे राहून, हे सर्वसाधारणपणे सिद्ध केले: परिमेय सहगुणकांचे वर्गरूप, सगळे चल शून्य न करता, शून्य होऊ शकते की नाही, हे ठरवायला वास्तव संख्यांना आणि एकेका मूळ संख्येच्या तथाकथित पी-ॲडिक क्षेत्राला (ज्यात त्या मूळ संख्येच्या जितक्या मोठ्या घाताने संख्या विभाज्य, तितकी ती लहान मानतात) वेगवेगळे विचारले तरी पुरते. सगळ्यांनी होकार दिला तर उत्तर होकारार्थी. एकानेही नकार दिला तर नकारार्थी.

इथे एक जागा अशी आहे जी मला फार प्रिय आहे. २ च्या पी-ॲडिक क्षेत्रात, ८ ने भागल्यावर १ बाकी उरणाऱ्या प्रत्येक पूर्णांकाला वर्गमूळ असते. −७ ला ८ ने भागले तर बाकी १ उरते, कारण −७ + ८ = १. म्हणून त्या क्षेत्रात −७ हा वर्ग आहे. मग ७ आणि −१ यांत फक्त एका वर्गाचा फरक राहतो, म्हणजे जशी ६१७४ आणि १४ ही एक होती, तशी तिथे ७ आणि −१ ही एक होतात. ७ ही तीन वर्गांची बेरीज नाही, म्हणून −१ देखील तिथे तीन वर्गांची बेरीज नाही; आणि ७ = ४ + १ + १ + १ असल्यामुळे −१ मात्र तिथे चार वर्गांची बेरीज आहे. तीच गोष्ट परिमेय संख्यांत −७ चे वर्गमूळ घालून मिळणाऱ्या क्षेत्रालाही लागू पडते, कारण ते क्षेत्र या २ च्या क्षेत्रात सामावते.

ऋण एक ही वर्गांची बेरीज? वास्तव संख्यांत वाढलेल्या आपल्या मनाला हे रुचत नाही, पण बहुतेक क्षेत्रांत यात वावगे काही नाही. सात बाक्यांच्या क्षेत्रात २ चा वर्ग ४ आणि ३ चा वर्ग ९, म्हणजे २. दोहोंची बेरीज ६, आणि तिथे ६ म्हणजेच −१. तिथे एका वर्गाने काम भागत नाही, दोन लागतात. −१ लिहायला कमीत कमी किती वर्ग लागतात, त्या संख्येला जर्मन गणितज्ञांनी श्टूफे, म्हणजे पायरी, असे नाव दिले. संमिश्र संख्यांची पायरी १, सात बाक्यांची २, आणि २ च्या पी-ॲडिक क्षेत्राची ४. विद्यार्थ्याने साहजिकच विचारले, "मग ३ कुठे येते?"

कुठेच येत नाही. आणि ते का, हे समजायला इसवी सन ६२८ मध्ये जावे लागते.

ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धांतात जिला भावना म्हटले आहे, ती नित्य समानता आजच्या अक्षरांत अशी लिहिता येते: (अ² − नब²)(क² − नड²) = (अक + नबड)² − न(अड + बक)². न च्या जागी −१ घातले की दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणल्यास पुन्हा दोन वर्गांची बेरीजच मिळते, हे दिसते. ५ = १ + ४ आणि १३ = ४ + ९, म्हणून ६५ = १६ + ४९. ब्रह्मगुप्ताने या भावनेचा जो उपयोग केला, त्यातले एक उदाहरण मी वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवत आले आहे. क्ष² − ९२य² = १ याची पूर्णांकांत उकल हवी आहे. सुरुवात सोपी आहे: १०² − ९२ × १² = ८. याची स्वतःशीच भावना केली की १९२² − ९२ × २०² = ६४ मिळते. आता दोन्ही बाजूंना ६४ ने भागायचे. १९२ भागिले ८ म्हणजे २४, पण २० भागिले ८ म्हणजे अडीच. २४² − ९२ × (५/२)² = १. अपूर्णांक आला म्हणून ब्रह्मगुप्त थांबत नाही; पुन्हा एकदा भावना करतो, आणि ११५१² − ९२ × १२०² = १ हे निखळ पूर्णांकांचे उत्तर हाती येते.

पूर्वी मी हे शिकवताना त्या अडीचवरून घाईने पुढे जात असे. आता मी तिथे थांबते. पूर्णांकांचा प्रश्न, पण वाट अपूर्णांकांतून जाते. भागाकाराची मोकळीक घेतल्याशिवाय भावनेला पुरता वाव मिळत नाही. क्षेत्रांवरच्या सिद्धांतात पुढे जे काही झाले, त्यात ही मोकळीकच कामी आली आहे.

हीच रीत पुढे चक्रवाळ पद्धतीत विकसित झाली आणि भास्कराचार्यांच्या बीजगणितात ६१ साठीची १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८० ही उकल आली. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथला आहे. नाशिकरोडहून मनमाड, नांदगाव करत गाडीने चाळीसगाव गाठता येते; इतक्या जवळच्या ठिकाणी आपल्या विषयाचा धागा सापडतो, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात.

आता पायरी ३ का असू शकत नाही ते पाहू. समजा −१ = अ² + ब² + क². मग १ + अ² = −(ब² + क²). डावी बाजू शून्य असेल तर −१ हा एकट्या अ चा वर्ग ठरतो आणि पायरी १ होते, तेव्हा ती शून्य नाही असे धरू. म्हणून −१ = (ब² + क²) भागिले (१ + अ²). अंश आणि छेद दोन्हींना (१ + अ²) ने गुणले की छेद एक वर्ग होतो, आणि अंशात दोन वर्गांच्या दोन बेरजांचा गुणाकार येतो, जो भावनेने पुन्हा दोन वर्गांची बेरीज आहे. म्हणजे −१ ही तीन वर्गांची बेरीज असेल तर ती दोन वर्गांचीही असतेच. मी हे फळ्यावर लिहिल्यावर तो काही वेळ बोलला नाही; मग त्याने वहीत ते सगळे पुन्हा आपल्या हाताने उतरवले.

दोन वर्गांसारखीच नित्य समानता चार वर्गांसाठी ऑयलर यांनी १७४८ मध्ये दिली आणि आठ वर्गांसाठी डेगेन यांनी १८१८ मध्ये. सोळा वर्गांसाठी ती शोधण्याचे प्रयत्न अर्थातच झाले, पण १८९८ मध्ये हुर्विट्झ यांनी सिद्ध केले की अशी बहुपदींची समानता १, २, ४ आणि ८ यांखेरीज कोणत्याही संख्येसाठी असू शकत नाही. १९३४ मध्ये क्नेझर यांनी पायरी १, २, ४ किंवा ८ असते, नाहीतर १६ च्या पटीत असते, इथपर्यंत मजल मारली, आणि त्यापुढे वाट बंद दिसत होती, कारण सोळा वर्गांची समानताच नव्हती. पुढची तीस वर्षे हा प्रश्न तसाच राहिला.

तो सुटायला आधी एर्न्स्ट विट यांचे १९३७ चे काम समजून घ्यावे लागते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा पाया तिथेच घातला गेला. विट यांनी वर्गरूपाकडे समीकरण म्हणून न पाहता भूमिती म्हणून पाहिले: सदिशांचा एक समूह आहे, प्रत्येक सदिशाला एक लांबी आहे, फक्त ती लांबी कोणत्याही क्षेत्रातली संख्या असू शकते, अगदी शून्येतर सदिशाची लांबी शून्यही असू शकते. दोन रूपे चल बदलून एकमेकांत नेता आली तर ती एकरूप, जसे नववीत त्रिकोण एकरूप असतात. त्यांनी सिद्ध केले की दोन रूपांतून सारखाच भाग वगळला तर उरलेले भागही एकरूपच असतात. ऐकायला हे उघड वाटते, पण सिद्धता लागते, आणि ती सिद्धता एका आरशाची आहे. समजा उ आणि व या दोन सदिशांची लांबी सारखी आणि शून्येतर आहे. उ − व आणि उ + व यांच्या लांबींची बेरीज उ च्या लांबीच्या चौपट येते, जसे समांतरभुज चौकोनाच्या कर्णांचे होते. म्हणून त्या दोन्ही लांबी एकाच वेळी शून्य असू शकत नाहीत. ज्याची लांबी शून्य नाही, त्याला लंब असा आरसा धरायचा. उ चे प्रतिबिंब व वर किंवा −व वर पडते, आणि उ ला लंब असलेले सगळे व ला लंब असलेल्या सगळ्यावर जाऊन बसते. कोणत्याही क्षेत्रावर, कोणत्याही मितीत, एवढा एक आरसा पुरतो.

मग विट यांनी निवड केली की काय टाकायचे. क्ष² − य² हे रूप प्रत्येक संख्या किंमत म्हणून घेते: कोणतीही संख्या स घ्या, (स + १)/२ चा वर्ग उणे (स − १)/२ चा वर्ग म्हणजे स. जे रूप सगळेच घेते, ते क्षेत्राबद्दल काहीच सांगत नाही. प्रत्येक वर्गरूपातून असे निरुपयोगी जोड काढत गेले की शेवटी असा भाग उरतो जो सगळे चल शून्य असल्याखेरीज शून्य होत नाहीच. शिकवताना मी त्याला अभंग भाग म्हणते, कारण तो यापुढे भंगत नाही. ताक कसेही घुसळले तरी लोणी तितकेच निघावे, तसा हा अभंग भाग, तुम्ही जोड कोणत्याही क्रमाने काढा, तोच राहतो. हे त्या आरशाच्या प्रमेयावरूनच मिळते. या अभंग रूपांची बेरीज आणि गुणाकार करता येतात आणि त्यांतून जे वलय बनते ते विट यांच्या नावाने ओळखले जाते. वास्तव संख्यांसाठी ते वलय म्हणजे आपले नेहमीचे पूर्णांक, सिल्व्हेस्टर यांची अधिक-उणेची मोजदाद. संमिश्र संख्यांसाठी त्यात दोनच घटक असतात. परिमेय संख्यांसाठी त्यात प्रत्येक मूळ संख्येचा वाटा असतो.

आता सोळा वर्ग. आल्ब्रेख्ट फिस्टर यांनी १९६५ मध्ये जे केले ते विट यांच्या भाषेत इतके थोडके आहे की मी ते पूर्ण लिहू शकते. आठ वर्गांच्या बेरजेच्या रूपाला फ म्हणू. फ ची कोणतीही शून्येतर किंमत प घेतली तर प गुणिले फ हे रूप फ शीच एकरूप असते, हे आठ वर्गांच्या समानतेवरून आपल्याला माहीत आहे. सोळा वर्गांचे रूप म्हणजे फ अधिक फ. त्याची एक शून्येतर किंमत स = प + ब घ्या, जिथे प आणि ब या फ च्या किमती आहेत; त्यातली एक शून्य असेल तर काही करावेच लागत नाही, म्हणून दोन्ही शून्येतर धरू. पहिल्या फ च्या जागी पफ आणि दुसऱ्याच्या जागी बफ लिहा. मग सोळाचे रूप म्हणजे ⟨प, ब⟩ गुणिले फ. दोन पदांचे ⟨प, ब⟩ हे रूप प + ब, म्हणजे स, ही किंमत घेते, म्हणून ते ⟨स, सपब⟩ असेही लिहिता येते. त्यातून स बाहेर काढला की आत ⟨१, पब⟩ राहते. पण पबफ हे पुन्हा फ शीच एकरूप आहे, आधी प साठी आणि मग ब साठी तेच वापरून. म्हणून सोळाचे रूप स पटीच्या सोळाच्या रूपाशी एकरूप आहे. म्हणजेच सोळा वर्गांच्या बेरजेला सोळा वर्गांच्या बेरजेने गुणले की सोळा वर्गांचीच बेरीज मिळते.

हुर्विट्झ चुकले नव्हते. त्यांनी बहुपदींची समानता नाकारली होती, आणि इथल्या सोळा वर्गांत छेद आले आहेत, कारण पफ कडून फ कडे परत येताना प ने भागावे लागते. ब्रह्मगुप्ताच्या अडीचसारखेच ते छेद आहेत. शिवाय आठची समानता गृहीत धरण्याचीही गरज नव्हती. एका वर्गापासून सुरुवात करून हीच कृती पुन्हा पुन्हा केली की २, ४, ८, १६, ३२ असे सगळे घात मिळतात. त्यावरून कोणत्याही क्षेत्राची पायरी, ती असेल तर, २ चा घातच असते, आणि फिस्टर यांनी प्रत्येक घातासाठी तशी पायरी असलेले क्षेत्रही दाखवले. स्वतःच्या किमतीने गुणल्यावर स्वतःशीच एकरूप राहणाऱ्या या रूपांना आज फिस्टर रूपे म्हणतात. ब्रह्मगुप्ताचे क्ष² − नय² हे त्यांतले सर्वांत लहान, दोन चलांचे रूप आहे. मिल्नर यांनी १९७० मध्ये या रूपांवर उभे केलेले अनुमान व्होएवोद्स्की यांच्या कामातून सुटले, आणि त्यांना २००२ मध्ये फील्ड्स पदक मिळाले. त्या कामात माझी गती नाही, त्यामुळे त्याविषयी जास्त लिहीत नाही.

पण एका कामाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. एखाद्या क्षेत्रावर जास्तीत जास्त किती चलांचे अभंग रूप असू शकते, ही त्या क्षेत्राची एक मोजणी आहे, जिला यू-इन्व्हेरियंट म्हणतात. संमिश्र संख्यांसाठी ती १ आहे. सात बाक्यांसारख्या सांत क्षेत्रांसाठी २, पी-ॲडिक क्षेत्रांसाठी ४. वर २ च्या क्षेत्रात पाहिलेली चार वर्गांची बेरीज हे तिथले अभंग रूपच आहे. कॅप्लान्स्की यांनी १९५३ मध्ये ही संख्याही नेहमी २ चा घात असेल असे सुचवले होते, आणि पायरीचा अनुभव पाहता ते पटण्यासारखेच होते. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस मेर्कुर्येव यांनी ६ ही किंमत असलेले क्षेत्र दाखवले. ३, ५ आणि ७ मात्र कधीच येत नाहीत. पी-ॲडिक क्षेत्रात एक चल मिसळून तयार होणाऱ्या फलनांच्या क्षेत्रासाठी उत्तर ८ असावे असे वाटत होते, पण ते सांत तरी आहे का, हेदेखील १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ठाऊक नव्हते. मग वरची मर्यादा आधी २६, मग २२, मग १० अशी उतरत गेली, आणि रामन परिमला व व्ही. सुरेश यांनी २ सोडून बाकी सर्व मूळ संख्यांसाठी ती नेमकी ८ असल्याचे सिद्ध केले; तो शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी हैदराबादला भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत परिमला यांचे मुख्य व्याख्यान झाले.

परिमला यांची पीएचडी मुंबई विद्यापीठाची, आणि त्यांनी अनेक वर्षे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली तर दुपारच्या आत कुलाब्याला पोहोचता येते. इतक्या अंतरावर हे काम चालू असताना मी इथे वर्गात अधिक-उणे मोजून धडा संपवत होते. माझ्या वर्गातल्या ज्या मुलींनी गणित सोडून दिले, त्यांना मी परिमलांचे नाव तरी सांगायला हवे होते, ही रुखरुख मला आहे. आता जो कुणी येतो, त्याला आणि तिला, मी सांगते.

गेल्या आठवड्यात त्या विद्यार्थ्याने मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पायरी ५, ६ किंवा ७ का असू शकत नाही, हे त्याने स्वतः मांडले होते: आठ वर्गांची शून्य बेरीज चार-चारच्या दोन गटांत विभागायची, एका गटाला दुसऱ्याने भागायचे, आणि चार वर्गांच्या समानतेने −१ ही चार वर्गांची बेरीज करून दाखवायची. पान नीट लिहिले होते. समासात त्याने पेन्सिलीने एक प्रश्न लिहिला होता, "छेदातले चार वर्ग मिळून शून्य झाले तर?", आणि त्याखाली उत्तरही: "१ + अ² + ब² + क² = ० असेल तर −१ तीनच वर्गांत येतो, म्हणजे दोनांत येतो, आणि पायरी २ किंवा १."

मी त्याला उलट फोन केला आणि पुढच्या रविवारी सोळाचे पान घेऊन ये म्हणून सांगितले.